एक चेहरा, दोन माणसे : १९३५ च्या गुंडपटाला मराठी सबटायटल लावतानाच्या नोंदी

२ जून २०२४

सांगलीतील आमच्या चित्रपट मंडळाने ऑगस्टच्या चौथ्या शनिवारसाठी जॉन फोर्ड यांचा 'द होल टाउन्स टॉकिंग' निवडला आणि मराठी सबटायटलचे काम माझ्यावर सोपवले. मंडळाच्या सभासदांपैकी निम्म्याहून अधिक जण साठीच्या पुढचे आहेत आणि १९३५ मधील अमेरिकी बोलपटातले भराभर बोलले जाणारे इंग्रजी त्यांतील फार थोड्यांना कानाने पकडता येते. जे काम पुढे इतरांनाही करावे लागेल, त्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी, चुकांसकट ठेवावी, असे ठरवून ही वही सुरू करीत आहे.

आज चित्रपट सलग दोनदा पाहिला. आठ वर्षांत एकदाही कचेरीत उशिरा न आलेला आर्थर फर्ग्युसन जोन्स हा भिडस्त कारकून आणि तुरुंगातून निसटलेला 'किलर' मॅनियन हा दरोडेखोर, हे दोघेही एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनीच रंगवले आहेत. चेहऱ्याच्या या साम्यामुळे पोलीस जोन्सला पकडतात, पुढे ओळख पटल्यावर पुन्हा घोटाळा होऊ नये म्हणून सरकारी वकील त्याला आपल्या सहीचे पत्र देतात आणि ते पत्र नेमके मॅनियनच्या हाती पडते. दिवसा जोन्सने पत्र वापरायचे आणि रात्री मॅनियनने, असा प्रकार सुरू होतो. रॉबिन्सन यांना १९३१ च्या 'लिटल सीझर'ने गुंडाच्या भूमिकेत प्रसिद्धी दिली होती. त्या चित्रपटाची मूळ कादंबरी डब्ल्यू. आर. बर्नेट यांची आणि या चित्रपटाची मूळ कथाही त्यांचीच. म्हणजे जो नट ज्या लेखकामुळे पडद्यावरचा गुंड ठरला, त्याच नटाला त्याच लेखकाच्या कथेत गुंडाला घाबरणारा माणूस व्हायचे आहे. हे समजल्याखेरीज भाषांतराला हात घालू नये, असे मला वाटते, कारण प्रेक्षकाने दोन्ही माणसे एकाच वेळी डोळ्यांसमोर धरायची आहेत.

प्रदर्शनाची लेखी परवानगी आधी मागितली. शुल्क ९,००० रुपये. ती हाती येण्याआधी काम सुरू करू नये.

९ जून

माझ्या जवळच्या डीव्हीडीवरून इंग्रजी संवाद उतरवून काढले. डिस्कवर इंग्रजी सबटायटल आहेत, परंतु ती बरीच गाळलेली आहेत : दोन माणसे एकावर एक बोलत असतील तेथे एकाचेच वाक्य दिले आहे. विनोदी चित्रपटात नेमके तेच दुसरे वाक्य हशा आणणारे असते. म्हणून सगळे कानाने ऐकून लिहावे लागले. रोज रात्री दोन तास याप्रमाणे सहा रात्री लागल्या आणि अजून शेवटची पंधरा मिनिटे राहिली आहेत.

१६ जून

मजकूर पूर्ण झाला : एकूण १,४१२ सबटायटल. मराठी करायला बसलो आणि पहिल्याच पानावर नावांनी अडवले.

जीन आर्थर यांच्या पात्राचे नाव विल्हेल्मिना क्लार्क असून सगळे तिला 'बिल' म्हणतात. मराठी वाचकाला 'बिल' म्हणजे दुकानदाराने दिलेले बिल आणि 'क्लार्क' म्हणजे कचेरीतला कारकून. कचेरीच्या प्रसंगात 'मिस क्लार्क' हे शब्द पडद्यावर आले की ते नाव आहे की हुद्दा, असा प्रश्न माझ्या बहिणीला लगेच पडला. उपाय असा केला की, सबंध चित्रपटात हुद्द्यासाठी फक्त 'कारकून' वापरायचे आणि 'क्लार्क' हा शब्द नावापुरता राखून ठेवायचा. 'बिल' मात्र बदलले नाही. मुलीला पुरुषी नावाने हाक मारतात, यात तिचा स्वभाव आहे. ते नाव पहिल्यांदा येते तेथे 'विल्हेल्मिना, म्हणजे आपली बिल' असे चार शब्द वाढवले आणि पुढे निर्धास्तपणे 'बिल' लिहिले.

सरकारी वकिलांच्या पत्राला आधी 'ओळखपत्र' म्हटले होते. ते खोडून 'दाखला' केले. ओळखपत्र खिशात असते, दाखला मात्र साहेबाच्या सहीने मिळवावा लागतो आणि तो हरवला की माणूस हवालदिल होतो, हे कोणाही मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

शीर्षकासाठी 'गावभर बोभाटा' ठरवले. 'साऱ्या शहरात चर्चा' हे अर्थाने बरोबर असले तरी त्यात बदनामीची कळ नाही.

२३ जून

आजचा पूर्ण दिवस तू आणि तुम्ही यांत गेला. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम पुरते. मराठीत प्रत्येक क्रियापदाला कोण कोणाशी कोणत्या नात्याने बोलतो, हे सांगावे लागते. ज्या चित्रपटात कोण कोण आहे हेच गुपित आहे, तेथे ही मोठी जोखीम आहे.

एका कागदावर पात्रांच्या जोड्या लिहून प्रत्येकीपुढे सर्वनाम टिपले. मॅनियन जोन्सला 'तू' म्हणतो, जोन्स त्याला 'तुम्ही'. जोन्स बिलला 'तुम्ही' म्हणतो. बिल त्याला सुरुवातीला 'तुम्ही' म्हणते, पण पोलीस ठाण्यातून बाहेर पडल्यावर तिच्या तोंडी सहज 'तू' येतो. जोन्सला मालकाच्या खोलीत मद्य पाजले जाते आणि त्या भरात तो तिचे चुंबन घेतो. तेथे त्याच्याही तोंडी पहिल्यांदा 'तू' घातला आणि नशा उतरल्यावर पुन्हा 'तुम्ही' आणले. मूळ इंग्रजीत नसलेली ही गोष्ट आहे, हे मी मान्य करतो. परंतु मराठीत काहीतरी निवडावेच लागते, आणि निवडायचेच तर पात्राच्या मनातले निवडावे.

सर्वात चांगला प्रसंग पोलीस ठाण्यातला आहे. खानावळीत जेवत असलेल्या जोन्सला मॅनियन समजून धरून आणतात. तोवर पोलीस त्याला 'तू' म्हणूनच दरडावतात. तो मॅनियन नाही हे कळल्याबरोबर त्याच खोलीत, त्याच माणसाला 'तुम्ही' सुरू होते. काही सबटायटलांच्या अंतरात 'बस खाली' चे 'बसा ना' झाले. इंग्रजीत हा बदल केवळ आवाजात आहे. मराठीत तो वाचताही येतो.

याच प्रसंगात बिल पोलिसांची मजा करते. कोणता दरोडा कोणी घातला असे विचारले की ती दर वेळी एकच नाव ठोकून देते. तेच नाव तसेच्या तसे परत येते यात गंमत आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात एका प्रश्नाला 'मॅनियनने', दुसऱ्याला 'मॅनियनचा', तिसऱ्याला 'मॅनियन' अशी उत्तरे आली आणि विभक्तीप्रत्ययांनी लय मारून टाकली. उत्तराला हात न लावता प्रश्न बदलले : सगळे प्रश्न 'कोणी' ने सुरू होतील असे केले, म्हणजे प्रत्येक उत्तर 'मॅनियनने' एवढेच राहिले. त्यासाठी चार तास लागले. ते वाया गेले असे मला वाटत नाही.

३० जून

मॅनियनच्या भाषेवर मंडळात मतभेद झाले. एका तरुण सभासदाने त्याचे वीस संवाद करून पाठवले. त्यांत 'भाई', 'सुपारी', 'टपकवणे' असे शब्द होते. दुसऱ्याने सुचवले की, मॅनियन आपल्याकडच्या गावरान बोलीत बोलावा म्हणजे जोन्सच्या शुद्ध भाषेशी विरोध उठून दिसेल.

दोन्ही सूचना मी स्वीकारल्या नाहीत. पहिलीमुळे १९३५ मधला अमेरिकी दरोडेखोर गेल्या चाळीस वर्षांतल्या मुंबईत येऊन उभा राहतो. दुसरीबद्दल मला अधिक तीव्रतेने वाटते : सांगली-साताऱ्याकडची बोली ही माझ्या आजीची भाषा आहे, आणि गुन्हेगार दाखवायचा म्हणून ती त्याच्या तोंडी घालणे मला योग्य वाटत नाही. मॅनियनला मी प्रमाण मराठीच दिली, पण वाक्ये तोडली. 'आहे' गाळले, आज्ञार्थ वाढवले, 'कृपया' आणि 'जरा' हे शब्द त्याला कोठेही दिले नाहीत. जोन्सची वाक्ये लांब आणि 'म्हणजे', 'तसे नव्हे' यांनी अडखळणारी ठेवली. टोळीचे लोक त्याला 'बॉस'च म्हणतात. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो कोणालाही खटकला नाही. स्लग्ज मार्टिन, ज्याच्यावर मॅनियनचा दात आहे, त्याला 'खबऱ्या' न म्हणता 'फितूर' म्हटले, कारण खबऱ्या पोलिसांचा असतो आणि फितूर आपल्यातलाच असतो.

वर्तमानपत्रात मॅनियनचे चरित्र जोन्सच्या नावाने छापले जाऊ लागते आणि त्याचा मजकूर खुद्द मॅनियन पुरवतो. तेथे या दोन भाषा एकाच परिच्छेदात आणता आल्या.

१४ जुलै

पहिली चाचणी. घरच्या भिंतीवर, नऊ प्रेक्षक : सहा ज्येष्ठ सभासद, एक शिक्षिका आणि सातवीतली दोन मुले. मला वाटत होते की काम जवळजवळ पूर्ण झाले आहे. तसे नव्हते.

पहिली चूक वेगाची. सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये एका सेकंदाला जास्तीत जास्त सतरा वर्ण अशी मर्यादा ठेवून मी काम केले होते. परंतु प्रोग्रॅम मात्रा, हलन्त आणि जोडाक्षराचा प्रत्येक तुकडा वेगळा मोजतो. 'स्त्री' हे वाचणाऱ्याला एक अक्षर आहे, प्रोग्रॅमला ते सहा वर्ण दिसतात. त्यामुळे साधी वाक्येही त्याने लाल दाखवली होती आणि ती मर्यादेत बसवण्यासाठी मी शे-दीडशे संवादांतून चांगले शब्द उगीचच कापले होते. चाचणीत ही कापलेली वाक्ये वाचून होऊनही पडद्यावर रेंगाळत राहिली. आता मर्यादा प्रोग्रॅमवर सोडलेली नाही. मोठ्याने वाचून पाहतो आणि एका ओळीत चोवीस अक्षरे, जास्तीत जास्त दोन ओळी, किमान दीड सेकंद, एवढेच पाळतो.

दुसरी चूक अधिक खोल होती. जोन्सचे संवाद पांढऱ्या आणि मॅनियनचे पिवळ्या रंगात देण्याची कल्पना माझी होती आणि मला ती फार सोयीची वाटली होती. मध्यंतरात मी प्रत्येकाला विचारले की दोघांमधला फरक कशावरून ओळखला. आठ जणांनी सांगितले : रंगावरून. सातवीतली मुलगी म्हणाली, "काका, पिवळं आलं की तो वाईट." रॉबिन्सन यांनी एकाच चेहऱ्यात दोन माणसे उभी केली आहेत : जोन्सच्या डोळ्यांत आधीच माफी मागितलेली दिसते, मॅनियनचा खालचा ओठ हलत नाही, दोघांचे खांदे वेगळे आहेत. माझ्या पिवळ्या रंगाने प्रेक्षकांना तो चेहरा पाहण्याची गरजच ठेवली नाही. ज्या चित्रपटात सारी टोळी आणि सारे पोलीस खाते फसते, तेथे पडद्याच्या तळाशी एक माणूस बसून दर वेळी 'हा तो नव्हे' असे सांगत होता, आणि तो माणूस मी होतो.

त्याच रात्री रंग काढून टाकला. सगळे पांढरे, काळी किनार.

२१ जुलै

रंग काढला तरी व्याकरणाने तीच चहाडी चालू ठेवली आहे, हे आज लक्षात आले. शेवटाकडे मॅनियन जोन्सला बँकेत पाठवतो. तेथे पोलिसांनी त्यालाच मॅनियन समजून गोळ्या घालाव्यात, असा त्याचा डाव असतो. जोन्स चेक विसरतो, परत येतो, आणि टोळीला वाटते की हा आपला बॉसच आला. जोन्सला हे हळूहळू उमजते आणि मग तो बॉस होतो.

माझ्या मसुद्यात मात्र तो आत पाऊल टाकताच पहिल्या वाक्यापासून 'तू' आणि तोडकी वाक्ये बोलत होता, कारण टोळीसमोर तो मॅनियन आहे असे मी कागदावर टिपून ठेवले होते. जोन्सच्या मनात ती कल्पना येण्याआधीच सबटायटलने त्याला धीट करून टाकले. उलट त्याचे नेहमीचे 'तुम्ही' दिले असते तर टोळीने ओळखायला हवे होते. दोन्हीकडून कोंडी.

सुटका अनेकवचनाने झाली. तो सगळ्यांना उद्देशून बोलतो तेथे मराठीत 'तुम्ही'च लागते, मग बोलणारा भिडस्त असो वा गुंड. म्हणून त्याचे सुरुवातीचे संवाद क्रियापदाशिवाय किंवा सगळ्यांना उद्देशून केले. एकट्या माणसाला त्याने पहिला 'तू' म्हणायचा तो खरा मॅनियन आल्यावर गोळी घालण्याचा हुकूम सोडताना. शिक्षिकाबाईंना हा तुकडा पुन्हा दाखवला. त्या हुकमावर त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

या प्रसंगापासून एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे : ज्या क्षणी पात्र फसते, त्या क्षणी सबटायटलनेही फसले पाहिजे. बधिर प्रेक्षकांसाठी बोलणाऱ्याचे नाव कंसात देण्याची पद्धत आहे, ती वेगळ्या फाईलमध्ये ठेवली. तेथेही जोन्सच्या सोंगातल्या मॅनियनला 'जोन्स'च म्हटले आहे, जोवर चित्र स्वतः उलगडा करीत नाही तोवर.

२८ जुलै

मोठे नुकसान. परवानगीबरोबर आलेली प्रदर्शनाची प्रत या आठवड्यात उघडली. पहिले दहा-बारा संवाद जेमतेम जुळले, वीस मिनिटांनी पन्नास सेकंदांचा फरक, आणि शेवटच्या प्रसंगात बंदुका निघण्याच्या तीन मिनिटांहून अधिक आधीच गोळीबाराच्या धमक्या येऊन गेल्या.

कारण साधे होते. माझी डीव्हीडी युरोपीय पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ चौकटींची (फ्रेमची). प्रदर्शनाची प्रत मूळ वेगाची, २४ चौकटींची. डिस्कवर चित्रपट किंचित वेगाने धावतो, तासामागे अडीच मिनिटांचा फरक पडतो. सुरुवातीला फरक सेकंदा-दोन सेकंदांचा दिसल्याने मी आधी सगळी फाईल थोडी पुढे सरकवली, मग मधले भाग हाताने जुळवत बसलो आणि दोन संध्याकाळी घालवल्या. हाताने जुळवण्याने मूळ फाईलही बिघडली. सुदैवाने २१ तारखेची प्रत पेनड्राइव्हवर होती. तीवर सर्व वेळांना २५ भागिले २४ ने गुणले, जे प्रोग्रॅम एका आज्ञेत करतो, आणि आरंभीच्या बोधचिन्हाच्या लांबीमुळे उरलेला थोडासा फरक एकदाच सरकवून काढला. सगळे जागेवर बसले.

फरक वाढत जात असेल तर वेग वेगळा आहे, फरक सगळीकडे सारखा असेल तर फक्त आरंभ वेगळा आहे. हे आधी तपासले असते तर पाच तास वाचले असते. ज्या प्रतीवरून प्रदर्शन होणार, ती हाती आल्याशिवाय वेळा जुळवायला बसू नये.

४ ऑगस्ट

सभागृहातील प्लेअरवर फाईल चालवून पाहिली. ऱ्हस्व इकार अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसत होता, त्यामुळे 'मॅनियन' हे नाव प्रत्येक वेळी मोडत होते. ॲगाथा आत्या आणि जोन्सचे मांजर ॲबेलार्ड, या दोघांच्या पहिल्या अक्षराऐवजी रिकामा चौकोन दिसत होता. 'ॲ' हे अक्षर युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंचात उशिरा आले आणि प्लेअरमधल्या जुन्या फॉन्टमध्ये ते नव्हते.

प्लेअरच्या भरवशावर न राहता अक्षरे चित्रातच भाजून घेतली. मुक्ता फॉन्ट, एफएफएमपेग हा व्हिडिओचा प्रोग्रॅम आणि त्यातील लिबॅस हा सबटायटल रेखाटणारा भाग, जो देवनागरीची जुळणी नीट करतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एकदा भाजायला सव्वातीन तास लागले. पहिल्या वेळी किनार बारीक राहिली आणि पांढऱ्या शर्टांवर अक्षरे विरून गेली, म्हणून पुन्हा सव्वातीन तास. दुसऱ्या वेळी पावसात वीज गेली. तिसऱ्या वेळी पूर्ण झाले.

१७ ऑगस्ट

सभागृहात अखेरची चाचणी, मागच्या रांगेत बसून. ओळी चार टक्के वर उचलल्या, कारण पुढच्या खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यामागे दुसरी ओळ जात होती. सभागृहाचे भाडे १,५०० रुपये, नवा पेनड्राइव्ह ६५० रुपये. परवानगी धरून एकूण ११,१५० रुपये आणि माझ्या मोजणीने एकशे दहा तास.

२४ ऑगस्ट

प्रदर्शन झाले. त्र्याहत्तर प्रेक्षक. 'मॅनियनने' या उत्तराच्या चौथ्या आवर्तनापासून सभागृह बिलच्या आधी हसू लागले. तुरुंगातल्या प्रसंगात कोणीतरी अंधारात शेजाऱ्याला विचारले, "हा कुठला रे?" आणि शेजाऱ्याने "बघ की तोंडाकडं" असे उत्तर दिले. मी मागे उभा होतो. महिनाभर मला हेच हवे होते.

२५ ऑगस्ट

दोन दुरुस्त्या राहिल्या आहेत. ८६७ क्रमांकाच्या सबटायटलमध्ये बिल जोन्सला पुन्हा 'तुम्ही' म्हणते, तो माझा निसटलेला दोष आहे. आणि शेवटी जोन्स त्याच्या स्वप्नातल्या शांघायला निघतो तेथे मी 'जहाज' ऐवजी 'बोट' लिहिले आहे. एका आजीबाईंनी बाहेर पडताना विचारले की एवढ्या लांब बोटीने कसे जातील. 'जहाज' करून नवी प्रत आज रात्री भाजायला लावली आहे.